मदत हवी आहे: रात्री हेडलाइटला काटे दिसतात

वर्धारोडवाला: नवा चष्मा लावून आठ दिवस झाले. दिवसा सगळं चकाचक. रात्री वर्धा रोडच्या उड्डाणपुलावर चढलो की समोरच्या लाइटला वर-खाली लांब काटे. दुकानवाला म्हणते नंबर बरोबर आहे. उद्या भंडाऱ्याला जायचं आहे, लवकर सांगा.

झिरोमाइल: वय? नंबर? सिलिंडर, म्हणजे डोळ्याच्या असमान बाकाचा नंबर? एक डोळा की दोन्ही? काहीच नाही लिहिलं भाऊ.

सावजीरस्सा: पिवळ्या काचेचा चष्मा घ्या, सीताबर्डीत फुटपाथवर मिळते. दोन वर्षांपासून वापरून राहिलो.

झिरोमाइल: काहून बाप्पा? पिवळी काच उजेड अडवते. रात्री आधीच उजेड कमी.

सावजीरस्सा: तुम्ही लावून पाहिला का? नाही ना?

वर्धारोडवाला: वय ३४. चष्म्याचं सोडा, काटे काहून दिसतात ते सांगा.

दृष्टी_धंतोली: ऑप्टोमेट्री, म्हणजे डोळ्यांचा नंबर तपासायचं काम करते. डोळ्याची किरण वळवायची ताकद डायॉप्टरमध्ये मोजतात; साधारण ६० पैकी ४३ एकट्या कॉर्नियाचे, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याचे. त्याचा बाक सगळीकडे सारखा नसेल तर किरण एका बिंदूत जमत नाहीत. मे महिन्याच्या उन्हात बाहुली दोनेक मिलिमीटर, फक्त मधले किरण आत येतात, दोष झाकला जातो. रात्री ती सहा-सातवर गेली की कडेचे किरणही घुसतात. जाड कागदाला टाचणीने भोक पाडून लांबचा दिवा पाहा. मग भोकाशिवाय, चष्मा काढून, मान तिरपी करा. काटे सोबत फिरले तर दोष डोळ्यात. नाही फिरले तर आधी गाडीची काच पुसा.

फुटाळाकाठ: ताई, पाण्यात डोळे उघडले की धूसर दिसतं ते पण कॉर्नियामुळेच का?

दृष्टी_धंतोली: हो, पाणी आणि कॉर्निया प्रकाश जवळपास सारखाच वळवतात, म्हणून कॉर्नियाची ताकद तिथे उरतच नाही. पण धागा काट्यांचा आहे.

वर्धारोडवाला: बाल्कनीतून खांबावरचा दिवा पाहिला. भोकातून काटे जवळपास गायब. मान वाकवली तर काटेही वाकले. हां, एक राहिलंच, डॉक्टरच्या चिठ्ठीत दोन्ही डोळ्यांना सिलिंडर १.२५ होता. दुकानवाला म्हणाला एवढ्याला कोणी टाकत नाही, साधाच बसवला.

झिरोमाइल: हे पहिल्या ओळीत लिहायचं ना बे!

दृष्टी_धंतोली: चिठ्ठी घेऊन जा, काच बदलून मागा. मागच्या वेळेपेक्षा सिलिंडर वाढला असेल तर कॉर्नियाची टोपोग्राफीही, म्हणजे त्याच्या बाकाचा नकाशा, करून घ्या. आणि भंडाऱ्याहून उजेड असतानाच परत निघा.

सावजीरस्सा: तोवर पिवळा लावा.