भाषा म्हणजे जीभ? 'रानवारा' यांच्या नकाशाला उत्तर

अक्षरवेल

'रानवारा' यांनी परवा इथे युरोपचा एक रंगीत नकाशा टाकला. प्रत्येक देशावर 'भाषा' या अर्थाचा तिथला शब्द आणि खाली तीन ओळी. युरोपात भाषेला सगळीकडे 'जीभ' म्हणतात, म्हणजे त्यांच्या लेखी ती मांसाचा तुकडा. आपल्याकडे 'भा' म्हणजे प्रकाश, म्हणून भाषा म्हणजे उजेड. यावरून कोणाची संस्कृती किती खोल ते ओळखा. खाली सगळ्यांनी वाहवा केली. दोन दिवस गप्प बसले, आता राहवत नाही.

आधी आपल्या घरातलं. संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, म्हणजे धातुपाठात, दोन वेगळे धातू आहेत. 'भासृ दीप्तौ' म्हणजे चमकणे आणि 'भाष व्यक्तायां वाचि' म्हणजे स्पष्ट बोलणे. 'भाषा' दुसऱ्यातून आली. उजेडाचा तिच्याशी संबंध नाही. जर्मन 'श्प्राखे' जशी 'श्प्रेशन' म्हणजे बोलणे यातून निघाली, तशीच आपली भाषा भाष्-मधून.

आता नकाशा. लॅटिन 'लिंग्वा' जीभही आणि भाषाही. तिथून फ्रेंच 'लांग', स्पॅनिश 'लेंग्वा', रोमानियन 'लिंबं'. ग्रीक 'ग्लोसा', रशियन 'यिझिक', पोलिश 'येंझिक', हंगेरियन 'न्येल्व', फिनिश 'किएली' यांचंही तेच, आणि फिनिशमध्ये तर वाद्याची तारसुद्धा किएलीच. इथवर तुमचं खरं. पण डच 'ताल', लिथुएनियन 'काल्बा', लाट्व्हियन 'वालोदा', वेल्श 'याइथ' यांत जीभ कुठे आहे? बास्क लोकांचा शब्द 'हिस्कुंत्सा', तो 'हित्स' म्हणजे शब्द यावरून झाला. युक्रेनियन माणूस भाषेला 'मोवा' म्हणतो आणि तोंडातल्या जिभेला 'यझिक'. म्हणजे रशियन माणूस ज्या शब्दाने भाषा सांगतो, तो त्याने जिभेपुरताच ठेवला आहे. तुमच्याच नकाशात युक्रेनवर 'मोवा' लिहिलेलं होतं. ते तुम्ही वाचलं नाहीत याचा मला खरा राग आला.

शिवाय जीभ म्हणणारे एकटे युरोपीय नाहीत. फारसी 'जबान', हिब्रू 'लाशोन', तुर्की 'दिल', सगळ्या जिभाच. पोलिसांपुढे 'जबानी' देताना आपणही त्याच शब्दाने बोलतो. आणि लॅटिन 'लिंग्वा' आणि आपली 'जिह्वा' यांचं मूळ अभ्यासक एकच मानतात. सुरुवातीची व्यंजनं प्रत्येक शाखेत वेगळी बदलली एवढंच.

बघायचं असेल तर हे बघा, की आपण एका 'भाषा' शब्दात जे कोंबतो ते तिकडे किती शब्दांत वाटलेलं आहे. फ्रेंचमध्ये 'लांग' म्हणजे मराठी, तमीळ अशी एक भाषा. 'लांगाज' म्हणजे माणसाची बोलण्याची क्षमता. भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरच्या व्याख्यानांचं १९१६ सालचं पुस्तक या दोन शब्दांच्या आणि 'पारोल'च्या, म्हणजे प्रत्यक्ष बोलण्याच्या, फरकावर उभं आहे. मराठीत आणताना 'लांग'ला 'भाषाव्यवस्था' करावं लागतं, कारण 'भाषा' एकटी पुरत नाही.

रानवारा

धातूची चूक मान्य. ती मी एका व्याख्यानात ऐकली होती आणि कोश उघडून पाहायला हवा होता. बाकीचं मान्य नाही. तुम्हीच मोजा, जीभवाले जास्त भरतात. रशियनमध्ये लढाईत माहिती काढण्यासाठी धरून आणलेल्या शत्रूच्या सैनिकालाही 'यिझिक' म्हणतात. जिवंत माणसाला नुसती जीभ करून टाकणारा शब्द तुम्हाला खोल वाटतो का?

मी बावीस वर्षं मराठी शिकवतोय. माझ्या वर्गात सातवीतल्या पोरांना 'बुधवार' म्हणजे कुठला वार ते सांगावं लागतं. त्यांना आपल्या शब्दांचा अभिमान वाटावा म्हणून मी असं काही लिहितो. घरी बसून लॅटिन काढणाऱ्यांना त्या वर्गातली हवा कळायची नाही.

अक्षरवेल

तुमच्या बावीस वर्षांबद्दल मला आदर आहे, म्हणूनच सांगते. पोरांना चुकीच्या व्युत्पत्तीवर अभिमान दिला तर तो एका कोशात मोडतो.

आणि 'यिझिक'चं अर्धंच सांगितलंत. जुन्या स्लाव्ह लिखाणात त्याचा अर्थ 'लोक' असाही आहे. एक जीभ म्हणजे एक जनसमूह. माल्टावर राज्य केलेल्या सेंट जॉनच्या सरदारांनी आपल्या संघटनेचे आठ भाग केले होते, प्रोव्हान्स, ओव्हेर्न्य, कास्तील वगैरे, आणि त्या भागांना नाव होतं 'लांग'. दक्षिण फ्रान्सच्या 'लांगदोक' प्रांताचं नाव म्हणजे 'ओक'ची भाषा, जिथे 'हो' म्हणायला 'ओक' म्हणतात ती. यात मांसाचा तुकडा कुठे आहे?

लाइपझिगहून

अक्षरवेल, जर्मन 'श्प्राखे'ला आपल्या भाषेच्या जवळची म्हणालात, पटलं. पण जर्मन लोकांनी सगळं एकाच शब्दात ठेवल्याचा त्रास मी भोगला आहे. मुलीला शाळेत घालताना अर्जावर 'मुटरश्प्राखे' म्हणजे मातृभाषा लिहायला एकच चौकोन. मी मराठी लिहिलं. नवरा तेलुगू, घरात तिघांचं बोलणं बरंचसं इंग्रजी, मुलगी बाहेर जर्मन. खिडकीतल्या बाई म्हणाल्या, आई एक तर भाषा एक. लेकीने घरी येऊन विचारलं, बाबाची भाषा माझी नाही का? तिला काय सांगावं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. आता बऱ्याच ठिकाणी 'हेअरकुन्फ्ट्सश्प्राखे', म्हणजे जिथून आलात तिथली भाषा, असा शब्द ऐकू येतो. तोही मला आवडत नाही. मुलगी इथेच जन्मली, ती कुठून आली म्हणायचं?

दुभाषी

अर्जाचं म्हणाल तर माझं ऐका. स्पॅनिशमध्ये तीन शब्द आहेत: 'लेंग्वा', 'इदियोमा', 'लेंग्वाखे'. पहिले दोन बरेचदा एकमेकांच्या जागी चालतात. 'इदियोमा' ग्रीकमधून आलेला, मूळ अर्थ 'स्वतःचं वेगळेपण'. तिसरा फ्रेंच 'लांगाज'सारखा, म्हणजे क्षमता. मराठी अनुवादात तिन्हींची 'भाषा' होते.

माद्रिदला गेलेल्या एका ओळखीच्या मराठी कुटुंबातला मुलगा तीन वर्षांचा होऊनही फार कमी बोलायचा. तपासणीच्या अहवालात 'लेंग्वाखे'चा विकास उशिरा होतोय असं लिहिलं होतं. कोणीतरी त्याचं मराठी करून दिलं, 'भाषेची अडचण'. आईवडील समजले, पोराला दोन भाषांचा गोंधळ होतोय. वर्षभर घरात मराठी बंद. आजी फोनवर बोलायची तर तिलाही मोडक्या इंग्रजीत बोलायला लावायचे. अहवाल माझ्याकडे आला तेव्हा मी वाचून सांगितलं की यात मराठीबद्दल एक अक्षर नाही, उशीर बोलण्याच्या क्षमतेत आहे, कुठल्याही भाषेतला. आई रडली. एका शब्दाने त्या घराचं वर्ष नेलं. म्हणून जीभ की उजेड यावर कोणी भांडलं की मला ते पोर आठवतं.

जाता जाता, पोर्तुगीजमध्ये 'लिंग्वा' म्हणजे दुभाष्याही. गोव्यात पोर्तुगीजांच्या काळी 'लिंग्वा दु इश्तादु' असं सरकारी पदच होतं. मराठ्यांशी होणाऱ्या पत्रव्यवहारात हीच माणसं मधे असत.

डिचोलीकर

गोव्याचं नाव निघालंच आहे तर बोलतो. पोर्तुगीजांनी आमच्या बोलण्याला काय म्हटलं ते बघा. इंग्रज जेझुइट पाद्री स्टीफन्सबाबांचं व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर १६४० मध्ये रायतूरला छापलं गेलं. नावातच 'लिंग्वा' आहे, कानारी (म्हणजे कोकणी) लिंग्वा. परक्याने साडेतीनशेहून जास्त वर्षांपूर्वी आमच्या कोकणीला भाषा म्हटलं, आणि पुण्यामुंबईचे लोक अजून 'बोली' म्हणतात. १९७५ मध्ये साहित्य अकादमीने मान्यता दिली, १९८७ मध्ये राजभाषा कायदा झाला, १९९२ मध्ये आठवी अनुसूची. अजून किती कागद दाखवायचे?

रानवारा

त्याच स्टीफन्सने १६१६ च्या आपल्या 'ख्रिस्तपुराणा'त काय म्हटलंय तेही सांगा की. 'भासांमाजी चोखळा भासा मराठी.' व्याकरण कोकणीचं, पण काव्य करायला मराठीच लागली. आणि १९८७ च्या त्याच कायद्यात मराठीलाही सरकारी कामात जागा आहे, ती सोयीस्करपणे गाळलीत. गोव्यातल्या देवळांतून पिढ्यान्‌पिढ्या मराठी पोथ्या वाचल्या जातात. ते परक्यांचं वाचन होतं का?

डिचोलीकर

परक्यांचं कोण म्हणतंय? माझे आजोबा मराठीत पत्र लिहायचे, मराठी पोथी वाचायचे आणि पोथी मिटली की कोकणीत जेवायला हाक मारायचे. राजभाषेच्या आंदोलनाच्या दिवसांत आमच्याच घरात दोन काका, एकाने मातृभाषा मराठी सांगितली, दुसऱ्याने कोकणी. एकाच आईची मुलं. सात वर्षं एका पंगतीला बसले नाहीत. आजी दोघांना वेगवेगळं वाढायची. तुम्हाला हा वाद पुस्तकातला आहे. मला त्या दोन पाटांमधलं अंतर आठवतं. 'बोली' म्हटलं की माझं डोकं फिरतं ते यामुळे.

सावंतवाडी

तुम्ही दोघांनी आता थांबा. कोकणीवाले म्हणतात मालवणी आमची, मराठीवाले म्हणतात आमची बोली. आमका कोणी इचारूकच नाय. शाळेत 'माका' म्हटलं म्हणून मी बाकावर उभा राहिलोय, आणि ते 'मला' शिकवणारे गुरुजी मराठीचेच होते. रानवारा सर, तुमच्या वर्गात एखादं पोर असं बोललं तर काय करता?

लाइपझिगहून

सावंतवाडी, हे फक्त आपल्याकडचं समजू नका. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९४ मध्ये आबे ग्रेग्वार या पाद्र्याने अहवाल मांडला तो 'पात्वा', म्हणजे गावठी बोली, नष्ट करण्याबद्दल. ब्रेताँ, ऑक्सितान सगळं त्या एका हिणकस शब्दात. मोल्दोव्हाच्या १९९४ च्या राज्यघटनेत 'मोल्दोव्हन भाषा' होती, २०२३ मध्ये कायद्याने तिथे 'रोमानियन' लिहिलं गेलं. लोक काल बोलत होते तेच आज बोलतायत, नाव बदललं. आणि युरोप परिषदेचा १९९२ चा प्रादेशिक व अल्पसंख्य भाषांचा करार आहे ना, त्यात राजभाषांच्या बोली वगळल्या आहेत आणि स्थलांतरितांच्या भाषाही. म्हणजे माझ्या मुलीची मराठी त्यात बसत नाही, तुमची मालवणी तिकडे असती तर तीही बसली नसती.

अक्षरवेल

धागा मी युरोपवर काढला होता आणि तो डिचोलीला पोचला. सुरुवातीला चिडले, आता वाटतं की गाठ इथेच होती. वेल्शमध्ये 'तावोद' म्हणजे जीभ, 'याइथ' म्हणजे भाषा, आणि दोन्ही जोडून होणारा 'तावोद्याइथ' म्हणजे बोली. तिथे जीभ आणि भाषा मिळून बोली झाली. रानवारा, तुम्ही संस्कृतही शिकवता. पाणिनी 'भाषायाम्' कशाला म्हणतो ते तुम्हीच सांगा.

रानवारा

सांगतो, टाळत नाही. वेदातल्या प्रयोगाला तो 'छन्दसि' म्हणतो, आणि लोकांच्या चालत्या बोलण्याला 'भाषायाम्'. म्हणजे 'भाषा' हा शब्द तिथे बोलण्याचाच होता. पुढे संस्कृतसमोर प्राकृत, मग मराठी-हिंदीलाही लोक 'भाषा' म्हणाले, पंडितांनी खालच्या पायरीचं समजून म्हटलं. हे मला वीस वर्षं ठाऊक आहे, आणि तरी मी 'बोली' हा शब्द त्याच पंडितांसारखा वापरत आलो. नकाशाखालच्या तीन ओळी आज काढतो.

कोकणी-मराठीबद्दल माझं मत मात्र बदललेलं नाही, डिचोलीकर. सावंतवाडी, तुमच्या प्रश्नाचं उत्तर: मी बाकावर कधी उभं केलं नाही, पण 'माका' लाल शाईने खोडलंय. पुष्कळदा खोडलंय.

डिचोलीकर

मत बदलू नका. ओळी काढताय तेवढं पुरे आहे मला आज.

दुभाषी

सावंतवाडी, एक विचारायचं राहिलं. घरी तुम्ही जे बोलता त्याला तुमची आई काय म्हणते? मराठी, कोकणी, मालवणी?

सावंतवाडी

आत्ताच फोन करून विचारलं. ती चुलीपुढे होती, प्रश्नच कळला नाही तिला. दोनदा सांगितल्यावर म्हणाली, "म्हणतंय काय? आमी बोलतांव ता."