घरदुरुस्ती स्वतः करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण?

फळीवाला:
एक फळी लावायची होती. लांबी ९० सेंटिमीटर, दोन ब्रॅकेट, चार स्क्रू. व्हिडिओतल्या माणसाला सहा मिनिटं लागली. माझे शनिवार-रविवार गेले.

पहिलं भोक पाडताना विटांच्या मधल्या सांध्यातला भुसभुशीत माल भसाभसा बाहेर आला. प्लग (स्क्रू घट्ट बसावा म्हणून भोकात घालतात ती प्लास्टिकची नळी) घातला तर तो जागेवरच गरगर फिरतोय. दुसऱ्या भोकाला प्लास्टरनंतर ड्रिल अडलं. मी अंगातलं सगळं वजन टाकलं, बिटचं टोक निळं पडलं, घरभर जळका वास. मागे काँक्रीटचा कॉलम होता, आणि ड्रिलचा हॅमर मोड, म्हणजे फिरता फिरता ठोके देणारी सोय, बंद होता, हे ज्ञान संध्याकाळी झालं. शेवटी पाणसळ लावून फळी अगदी समतल बसवली, तर ती वाकडी दिसते! कारण छतच एका बाजूला उतरलंय. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, इथे अंगण खरंच वाकडं निघालं.

तर माझं मत: 'स्वतः करा' हे खूळ फसवं आहे. व्हिडिओत चुका कापून टाकलेल्या असतात आणि आपल्याला वाटतं, त्यात काय मोठंसं! ज्याचं काम त्यानेच करावं.

गिरमिट:
साफ असहमत. दोन दिवसांत तुम्हाला तुमच्या भिंतीत वीट कुठे, सांधा कुठे आणि कॉलम कुठे हे कळलं. इतकी वर्षं त्याच घरात राहून माहीत होतं का?

चुका नवशिक्याच्याच आहेत, पण दुरुस्त होण्यासारख्या. ६ मिलिमीटरच्या प्लगला ६ मिलिमीटरचंच बिट, तेही टोकाला कार्बाइडचा कठीण तुकडा असलेलं, भिंतीसाठीचं. बिटवर चिकटपट्टी गुंडाळून भोक किती खोल हवं त्याची खूण करा. सुरुवात हॅमरशिवाय, हळू. खळगा पडला की मग हॅमर. काँक्रीटमध्ये मधूनमधून बिट बाहेर काढून पूड झटका, नाहीतर ते तापणारच. आणि फळी डोळ्याला सरळ दिसायला हवी असेल तर जवळ जी रेघ ठळक दिसते, छताची किंवा चौकटीची, तिच्याशी थोडी तडजोड करावी लागते. पाणसळ खोटं बोलत नाही, पण खोली बघणारा माणूस पाणसळ घेऊन येत नाही.

माझी स्वतःची फजिती सांगतो. एका लांब फळीतून सारख्या मापाचे पाच तुकडे काढायचे होते. सगळ्या खुणा एकदम करून ठेवल्या. करवतीचं पातं प्रत्येक कापात २-३ मिलिमीटर लाकूड खातं, हे डोक्यातच नव्हतं. तुकडे तेवढ्याने कमी भरले. तेव्हापासून एक तुकडा कापतो, मग पुढची खूण करतो.

जुना रंधा:
मी या धंद्यात आहे, म्हणून जरा कडू बोलतो. तुमच्या 'शिकण्या'ची दुसरी बाजू आम्ही बघतो. बोलावणं येतं ते अर्धं बिघडल्यावर. नवं काम एका दिवसाचं असेल तर बिघडलेलं उकरून नवं करायला दोन लागतात, आणि वर 'एवढंसं तर राहिलंय' हे ऐकून घ्यायचं.

टाइलचंच बघा. चार कोपऱ्यांत मालाचे गोळे ठेवून टाइल दाबून बसवतात. वरून झकास दिसते. मध्ये पोकळ राहते, टिचकी मारली की आवाज बदलतो, आणि एक दिवस वरून काही जड पडलं की तडा. बाथरूममध्ये तर मीटरला एक-दीड सेंटिमीटर उतार लागतो, तोही पाणी जायच्या जाळीच्या दिशेने. एका हौशी गृहस्थांनी फरशी इतकी सुंदर समतल केली होती की पाणी दाराकडे जायचं. सगळी फोडली.

गिरमिट:
रंधा, फळी आणि बाथरूम एका मापाने मोजू नका. आणि धंदेवाईकांनी केलेले चार कोपरे-चार गोळे मीही उकरलेत बरं.

जुना रंधा:
तेही खरंय. आमच्यातही आहेत तसे.

शंकासुर:
गंमत म्हणून सांगतो. नॉर्टन, मोचॉन आणि एरिएली या तीन संशोधकांचा २०१२ साली प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आहे, 'आयकिया इफेक्ट' नावाने ओळखला जातो (आयकिया म्हणजे घरी जुळवायचं सुटं फर्निचर विकणारी कंपनी). लोकांनी स्वतः जुळवलेल्या साध्यासुध्या वस्तूंना तज्ज्ञांच्या कामाच्या जवळपास किंमत लावली. म्हणजे हौशी माणसाला आपलं काम कसं झालंय हे विचारण्यात अर्थ नाही! 'मी केलेलं किचन कॅबिनेट सात वर्षं टिकलंय' छापाचे प्रतिसाद येतील, तेव्हा हे लक्षात असू द्या.

फळीवाला:
त्याच निबंधात असंही आहे ना, की काम अर्धवट राहिलं किंवा करून मोडलं तर ते प्रेम उरत नाही? माझं तसंच झालंय. त्या भिंतीकडे बघवत नाही.

फ्यूज उडाला:
वाद रंगलाय, पण हौसेची हद्द कुठे संपते हे कोणी बोलत नाहीये. माझ्या मते वीज, गॅस आणि भार पेलणारी भिंत. तिथे फजिती होत नाही, अपघात होतो.

भोक पाडतानाही स्विच किंवा सॉकेटच्या सरळ वर, खाली आणि आडव्या रेषेत पाडू नका. भिंतीतल्या वायरी बहुधा तिथूनच गेलेल्या असतात. घरात ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (वीज गळून अंगातून जाऊ लागली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा. एमसीबी, म्हणजे भार वाढला की पडणारा साधा स्विच, वायर वाचवतो, माणसाला शॉकपासून नाही. हा फरक कितीतरी जणांना माहीत नसतो. कापायच्या ग्राइंडरचं पात्यावरचं गार्ड 'आड येतं' म्हणून काढणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, लांब उभा राहतो. आणि फिरत्या हत्याराजवळ ढगळ हातमोजे नकोत, ओढले जातात.

शंकासुर:
मग नवशिक्याला उरलं काय, रंग?

फ्यूज उडाला:
रंग सोपा वाटतो, तिथेच फसतात. ब्रश फिरवणं शेवटचं. त्याआधी खरवडणं, लांबी (पुट्टी) भरणं, घासणं, पुसणं, प्रायमर. जुन्या घराचा रंग असेल तर कोरडा घासू नका, त्यात शिसं असू शकतं.

फळीवाला:
ठीक, 'ज्याचं काम त्यानेच' हे जरा मागे घेतो. फळी काढली नाहीये. तिच्यावर दोन पातळ पुस्तकं ठेवलीत आणि तिच्याखाली कोणी बसत नाही. त्या पहिल्या भोकात एकदम गच्च लांबी भरली होती, वाळून खचली, मध्ये खड्डा पडलाय. आता?

गिरमिट:
पातळ थर द्या, पूर्ण वाळू द्या, घासा, मग दुसरा. एकदम भरली की आकसणारच.

जुना रंधा:
किंवा तिथे एक फोटोफ्रेम लावा. माझ्या घरात अशा दोन आहेत.