वाचनालयात कर्जाचे कागद करून देतात का? लवकर सांगा

अडकलेला_गडी
मदत हवी आहे. सोमवारी बँकेत प्रोजेक्ट रिपोर्ट द्यायचाय. सायबर कॅफेवाला ३ हजार मागतो, वर चार दिवस लागतील म्हणतो. एकाने सांगितलं की तालुक्याच्या वाचनालयात कॉम्प्युटर आहेत, तिथे नोकरी-धंद्याच्या फॉर्मांना मदत करतात. गेलो तर शिपाई म्हणे आधी सभासद व्हा, आणि कॉम्प्युटरच्या खोलीला कुलूप. उद्यमचा, म्हणजे छोट्या धंद्याच्या सरकारी नोंदणीचा फॉर्मही मोबाईलवर पुढे सरकत नाही. वाचनालयात हे काम होतं की नाही एवढंच सांगा. लेक्चर नको.

तापीकाठ
भाऊ, गाव कोनतं शे तुनं? धंदा कोणता, कर्ज किती, योजना कोणती? प्रोजेक्ट रिपोर्ट तर गोठ्यालाही मागतात.

अडकलेला_गडी
पारोळा तालुका. गाव सांगत नाही, आमच्या शाखेत तीनच माणसं आहेत, लगेच कळेल. योजना ती सबसिडीवाली.

रावेरचा_केळीवाला
सबसिडीवाली म्हणजे कोणती? पीएमएफएमई घे, केंद्राची योजना आहे. खाण्याच्या प्रक्रियेचा धंदा असेल तर ३५ टक्के अनुदान, जास्तीत जास्त १० लाख. मी केळीच्या वेफर्सला घेतलं. त्या योजनेत प्रत्येक जिल्ह्याचं एक उत्पादन ठरलेलं असतं, जळगावचं केळीच आहे. सरळ वेफर्स टाक, माल पुरवतो.

तापीकाठ
त्याने वेफर्स कधी म्हटलं?

अभ्यासिका_खुर्ची_१७
वाचनालयाचं विचारलंय म्हणून सांगते. आमच्याकडे आधीच बसायला जागा नाही. सकाळी सहाला रांग, पिशवी ठेवून खुर्ची धरायची. २०२३ च्या तलाठी भरतीत ४६४४ जागा निघाल्या तेव्हा जिन्यात बसून अभ्यास केलाय पोरींनी. नोकरी शोधणाऱ्यांना वाचनालय म्हणजे हेच, एक खुर्ची, एक पंखा आणि घरचे 'जरा दुकानात जाऊन ये' म्हणणार नाहीत अशी जागा. त्यात आता धंदेवाले फॉर्म भरायला आले तर आम्ही कुठे जायचं?

रावेरचा_केळीवाला
ताई, सगळे तलाठी झाले तर सातबारा काढायला शेतकरी उरेल का कोणी?

अभ्यासिका_खुर्ची_१७
तुम्ही वेफर्स तळा.

निवृत्त_ग्रंथपाल
३१ वर्षं या कामात काढली म्हणून बोलतो. लेक्चर नको म्हणालात, तरी थोडं ऐका. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं सरकारी नाहीत. संस्था चालवतात आणि १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखाली अनुदान घेतात. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत, वर्गाप्रमाणे रक्कम. ती दोन हप्त्यांत येते, म्हणजे येईल तेव्हा. त्यातच पुस्तकं, पेपर, वीजबिल आणि आमचा पगार. कॉम्प्युटर काही ठिकाणी राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या मदतीतून आले. ते चालवायला माणूस कोणी दिला नाही. शिपायावर रागावू नका, किल्ली कार्यवाहांकडे असेल. त्यांना संध्याकाळी गाठा.

फॉर्म भरून देणं हे वाचनालयाचं काम नाही, पण कामाचं बरंच तिथे असतं. पेपर वाचायच्या दालनात सहसा सभासद नसलं तरी बसू देतात. पुस्तक घरी न्यायचं तर अनामत, ती परत मिळते. मी दारातल्या फळ्यावर भरतीच्या जाहिरातींची कात्रणं लावायचो. एसटीच्या चालक भरतीचं कात्रण वाचून गेलेला एक जण पुढे मला फुकट चहा पाजायचा, तिकीट मात्र काढायलाच लावायचा. जळगावचं व. वा. जिल्हा वाचनालय १८७७ पासूनचं आहे. जळगावला गेलात तर तिथे उद्योगाची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते विचारा.

आणि धंदा कोणता ते अजून सांगितलेलं नाही.

लंडनची_खान्देशी
इथे ब्रिटिश लायब्ररीत २००६ पासून बिझनेस अँड आयपी सेंटर आहे. छोट्या धंदेवाल्यांना बाजाराची माहिती फुकट बघता येते, पेटंट आणि ट्रेडमार्कबद्दल समजावून सांगतात, तज्ज्ञांशी बोलता येतं. आपल्याकडे असं का होत नाही?

तापीकाठ
ताई, इथे आधी कुलूप उघडू द्या.

अडकलेला_गडी
पापड. उडदाचे, नागलीचे आणि बिबडे. आई बारा वर्षांपासून करते, लग्नसराईत हात पुरत नाहीत. पीठ मळायचं मशीन, पापडाचं मशीन आणि ड्रायर घ्यायचाय, साडेचार लाख. योजना पीएमईजीपी, म्हणजे पंतप्रधान रोजगार निर्मितीची, मॅनेजरनी तीच सांगितली.

बँकेतून_सुटलेला
आता बोलता येईल. पीएमईजीपी नवीन उद्योगाला आहे. कर्ज कोणाच्या नावावर घेताय? तुमच्या असेल आणि तुम्ही खुल्या वर्गातले असाल तर ग्रामीण भागात २५ टक्के अनुदान आणि स्वतःचे १० टक्के. आईच्या नावावर घेतलं तर महिला म्हणून ३५ टक्के आणि स्वतःचे ५ टक्के. एवढा फरक आहे आणि तुम्ही कुलपाच्या गोष्टी करताय.

रावेरचा_केळीवाला
बारा वर्षांचा धंदा नवीन कसा? म्हणून तर पीएमएफएमई म्हणतोय, त्यात चालू धंदा वाढवायलाही मिळतं.

बँकेतून_सुटलेला
चुलीजवळ बसून केलेल्या पापडांची नोंद कुठेच नाही. कागदावर ते युनिट आजही नवीनच आहे.

रावेरचा_केळीवाला
आणि मॅनेजरने विचारलं की बारा वर्षं काय करत होता, तर? खोटं सांगायचं? तुमच्यासारख्यांमुळेच फाइली परत येतात.

निवृत्त_ग्रंथपाल
भांडण पुरे. पीएमएफएमईला प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, कागद तयार करायला त्याच मदत करतात, त्यांचा मोबदला योजनेतून येतो. यादी जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात. पीएमईजीपी करायचं ठरलं तर खादी ग्रामोद्योग आयोगाच्या साइटवर नमुन्याचे प्रकल्प अहवाल फुकट आहेत. नमुना घ्या, त्यात तुमच्या मशीनच्या कोटेशनचे आकडे टाका. ३ हजार कशाचे?

आणि उद्यमचा फॉर्म नेमका कुठे अडतो?

अडकलेला_गडी
आईच्या आधारचा नंबर टाकला की ओटीपी येत नाही. तीन दिवस हेच चाललंय. कॅफेवाला म्हणाला ५०० दे, करून देतो.

अभ्यासिका_खुर्ची_१७
आधारला मोबाईल कोणाचा जोडलाय??

अडकलेला_गडी
मोठ्या भावाचा जुना. तो सुरतला गेला तेव्हा ते सिम बंद पडलं.

अभ्यासिका_खुर्ची_१७
देवा. हे पहिल्या ओळीत लिहायचं होतं. ओटीपी बंद सिमवर जातोय, वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर बसलात तरी येणार नाही. आईला घेऊन आधार केंद्रावर जा, बोटाचा ठसा लागतो, त्यांनाच जावं लागेल. नंबर बदलला की उद्यम अर्ध्या तासात होतं. आणि त्याला एक रुपयाही लागत नाही, सरकारी नोंदणी फुकट आहे. पैसे मागणाऱ्या साइट निघाल्यात, त्यात अडकू नका.

बँकेतून_सुटलेला
सोमवारी रिपोर्ट घेऊन जाऊच नका. मॅनेजरला सांगा, आधारचं काम चाललंय, आठ दिवस द्या. अर्धा कागद नेला की फाइल खाली जाते.

लंडनची_खान्देशी
बिबडे ज्वारीचे ना? इथे मिळत नाहीत हो. कुरिअर करता का?

तापीकाठ
ताई पेटंटचं सांगायला आल्या होत्या, आता बिबडे मागतात.

अडकलेला_गडी
आज आईला घेऊन आधार केंद्रावर गेलो. बोटांचे ठसे पाच वेळा घ्यावे लागले, पापड लाटून रेघा पुसल्यात. शेवटी झालं. आता नंबर अपडेट व्हायची वाट. परत येताना वाचनालयात डोकावलो, कार्यवाह भेटले. खोली उघडली. तीन कॉम्प्युटर, एक चालतो, इंटरनेटचं बिल भरलेलं नाही. पण म्हणाले नमुना अहवाल मोबाईलवर उतरवून आण, इथे बसून आकडे भर, प्रिंटर चालू आहे, कागद तुझे तू आण. सभासद झालो.

केळीवाले भाऊ, कृषी कार्यालयातल्या त्या व्यक्तीलाही विचारणार आहे. सुटलेले साहेब, मॅनेजरला फोन केला, आठ दिवस दिले.

लंडनच्या ताई, बिबडे चैत्रात. आत्ता फक्त नागलीचे आहेत.

अभ्यासिका_खुर्ची_१७
कोणत्या वेळी बसणार आहात? सकाळची खुर्ची धरायची असेल तर आधीच सांगते, सहाला या.