बागायतदाराचे निम्मेच बोलणे छापावे का?

कृष्णाकाठ (सांगली)
मी सांगलीतील लहान-मोठ्या व्यवसायांच्या स्मरणिका आणि प्रसिद्धीपत्रके लिहून देतो. सध्या बेदाण्याच्या एका अडत दुकानाच्या पंचविशीची स्मरणिका हाती आहे. तिच्यासाठी मणेराजुरीकडच्या एका बागायतदारांशी बोललो. अवकाळीने बाग गेली त्या वर्षी दुकानाने न मागता उचल दिली, हे त्यांनी मनापासून सांगितले; आणि त्याच ओघात, सौद्याला, म्हणजे लिलावात, पेटी फोडल्यावर नमुना पाहताना जो बेदाणा उधळला जातो त्याची तूट आमच्याच माथी का, आणि पट्टीचे, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाचे, पैसे महिना-दीड महिना का अडकतात, असेही विचारले. मसुदा वाचून मालकांनी दुसरा भाग काढायला सांगितला. पहिला भाग मात्र नाव आणि छायाचित्रासह पानभर हवा आहे.

माझ्या मते एकतर दोन्ही भाग छापावेत किंवा ते पानच वगळावे. उरलेले प्रत्येक वाक्य बागायतदारांचेच असले, तरी ते त्यांचे मत राहत नाही. उद्या गावच्या पारावर कोणी ते पान पुढे केले, तर उत्तर त्यांना द्यावे लागेल, मला नाही.

रोखठोक मिरजकर
आपला हेतू चांगला असला तरी आपण स्मरणिकेला वर्तमानपत्र समजत आहात. लग्नपत्रिकेत कोणी भाऊबंदकीचे दावे छापत नाही आणि त्याबद्दल कोणी यजमानाला खोटारडा म्हणत नाही. स्मरणिका गौरवासाठी असते, हे वाचणाऱ्यालाही ठाऊक असते. शिवाय उधळणीची तक्रार या एका दुकानाची नाही, ती सौद्याच्या पद्धतीविषयी आहे. साऱ्या पेठेचे दुखणे एकट्या मालकाने आपल्या समारंभात का मिरवावे? वकील जसा पक्षकाराची बाजू मांडतो तशी आपण मालकाची मांडावी. त्यासाठीच आपल्याला मेहनताना मिळतो.

कृष्णाकाठ (सांगली)
वकिलासमोर दुसरा वकील उभा असतो आणि वर न्यायाधीश असतो; स्मरणिकेत दोन्ही नसतात. जनसंपर्क व्यावसायिकांच्या भारतीय संस्थेने १९६८ मध्ये स्वीकारलेली अथेन्स संहिता संबंधित पक्षांचा आपली बाजू मांडण्याचा हक्क मान्य करते आणि सत्याला अन्य गरजांच्या खाली ठेवू नये असे बजावते. पैसे देणाऱ्याइतकेच ज्यांच्याशी त्याचा व्यवहार आहे त्यांचेही हित पाहावे, असेही ती सांगते. ही संहिता भिंतीवर टांगण्यापुरतीच असेल, तर गोष्ट वेगळी.

द्राक्षवाला (तासगाव)
आपण दोघेही त्या बागायतदारांच्या वतीने बोलत आहात. त्यांना कोणी विचारले का? त्यांना पुढच्या हंगामात माल घेऊन त्याच दारात जायचे आहे. अंगणात चहा पिताना बोललेले आणि नावानिशी छापलेले यांत फरक असतो. तक्रार छापून आपले तत्त्व राखले जाईल, पण उचल त्यांची अडेल. मी स्वतः अशा वेळी गप्प बसलो आहे आणि त्याची मला लाज वाटत नाही.

जुना वाचक (पलूस)
स्मरणिका म्हणजे निव्वळ गौरव, हे मत निदान आपल्या जिल्ह्यात तरी टिकू नये. किर्लोस्करवाडीतून १९२० मध्ये ‘किर्लोस्कर खबर’ निघाले, ते कारखान्याचेच पत्र होते. पुढे त्याचेच मासिक झाले आणि समाजसुधारणेवरचे, अनेकांना न रुचणारे लेखनही त्यात आले. त्याआधी कारखान्याचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचे लोखंडी नांगर शेतकरी घेईनात, कारण लोखंडाने जमीन विषारी होते अशी त्यांची समजूत होती. ग्राहकाचा आक्षेप चुकीचा असला तरी तो कानांवर पडल्याशिवाय त्याला उत्तर कसे देणार?

कायद्याचेही पाहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीच्या २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक तत्त्वांनुसार जाहिरातीतील शिफारस ही ती करणाऱ्याचे खरे आणि सध्याचे मत असले पाहिजे. कापून उरलेल्या मताला खरे म्हणायचे का?

रोखठोक मिरजकर
ती तत्त्वे ग्राहकांच्या रक्षणासाठी आहेत. बागायतदार येथे ग्राहक नाही, माल आणणारा आहे, आणि स्मरणिका ही जाहिरात ठरते का, हाच मुळी वादाचा मुद्दा आहे. ‘खबर’चा दाखलाही येथे लागू पडत नाही. त्यातले वेगळे विचार समाजाविषयी होते. कारखान्याच्या हिशेबाविषयीच्या तक्रारी त्यात छापल्या जात होत्या असे आपणही म्हटलेले नाही. मात्र एक गोष्ट मान्य करतो. छायाचित्र लावून पानभर गौरव छापायचा असेल, तर कापलेला मजकूर त्या गृहस्थांना आधी दाखवला पाहिजे. लग्नपत्रिकेतही ज्याचे नाव घालायचे त्याला विचारतातच.

कृष्णाकाठ (सांगली)
तासगावकरांचा प्रश्न मला लागला. मी त्यांना विचारले नव्हते. तक्रार छापली तर त्यांच्यावर उपकारच होतील, असे परस्पर धरून चाललो होतो. रविवारी दोन्ही मसुदे घेऊन मणेराजुरीला जात आहे. दुसऱ्या मसुद्यात तक्रारीखाली मालकांच्या उत्तरासाठी जागा सोडली आहे. मालकांना तसे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “उधळणीचे मी लिहून देतो, पट्टीचे मला विचारू नका.” बागायतदारांनी दोन्ही मसुदे नाकारले, तर ते पान वगळले जाईल. विश्रामबागेतल्या छापखान्याला मंगळवारपर्यंत थांबायला सांगितले आहे.