अनुभव धागा: वाचलं खूप, कळलं कधी? – दर्स, हल्का आणि आपलं कोल्हापूर

रविवारची_वही (धागाकर्ती)

दहाव्या वर्षी माझं कुरआन वाचून पूर्ण झालं. आधी कायदा (अरबी अक्षरांचं पहिलं पुस्तक), मग एकेक पारा (कुरआनचा भाग), असे तीसही पारे मक्तबमध्ये, म्हणजे मशिदीच्या शाळेत, उस्तादजींसमोर वाचून दाखवले. अब्बांनी दोन किलो जिलेबी आणली आणि गल्लीत वाटायला मलाच पाठवलं. शेजारच्या काकींनी तोंडभर कौतुक केलं आणि सहज विचारलं, "एवढं वाचलंस, त्यात लिवलंय तरी काय गं?"

मला एका ओळीचा अर्थ सांगता येईना. मी रिकामं ताट घेऊन घरी आले.

तसं यात नवल काही नाही. अरबी वाचायला शिकवतात, समजायला नाही. शाळा मराठी. घरात बोलतो ते 'मेरेकू-तेरेकू-नक्को'वालं उर्दू, आणि जुम्म्याच्या (शुक्रवारच्या) बयानातलं, म्हणजे प्रवचनातलं, उर्दू डोक्यावरून जाणारं. उर्दू लिपी तर मला अजून धड येत नाही. मधल्या मध्ये अर्थ राहूनच गेला.

२०११ मध्ये राजारामपुरीत एका आपांच्या (ताईंच्या) घरी रविवारी दुपारी बायकांचा दर्स, म्हणजे कुरआन समजून घ्यायचा वर्ग, सुरू झाला. जोहर (दुपारची नमाज) झाली की बसायचं, असरच्या (संध्याकाळआधीच्या नमाजच्या) आधी उठायचं. अकरा जणी. पद्धत साधी होती. एकीने पाच-सात आयती (कुरआनची वचनं) वाचायच्या, दुसरीने त्यांचा मराठी तरजुमा (भाषांतर), तिसरीने उर्दू तफसीर (भाष्य) पाहून मराठीत समजावायचं. मग प्रत्येकीने आपल्या आठवड्यातली एक गोष्ट त्या आयतीशेजारी ठेवून बघायची. यालाच मुहासबा म्हणतात, म्हणजे स्वतःचा हिशेब, हे मला तिथंच कळलं. त्यासाठी वही घातली. माझं इथलं नाव त्या वहीवरून.

पहिली सूरत (कुरआनचा अध्याय) घेतली हुजुरात. अठराच आयती, पण आम्हाला पाच महिने लागले. बाराव्या आयतीत आहे की फार संशय घेऊ नका, पाळत ठेवू नका, माघारी कुणाची निंदा करू नका. ते म्हणजे मेलेल्या भावाचं मांस खाणं. त्या दिवशी चहा आला आणि कुणी बोलेना. शेवटी एक जण म्हणाली, "आता बोलायचं तरी काय मग?" एवढं हसलो की आपांची सासू आतून बघायला आली. त्यानंतर चहा आटोपशीर झाला, हे मात्र खरं. पूर्वी तो असरपर्यंत चालायचा.

तुमचे अनुभव लिहा. दर्स, हल्का (गोल बसून मिळून वाचणं), मशिदीतली तालीम, सुट्टीतले दीनियातचे (धर्मशिक्षणाचे) वर्ग, काहीही. चांगलंच लिहा असं नाही. विनंत्या दोनच: मौलानांची, मशिदींची, जमातींची नावं नकोत, आणि फतवे नकोत.

---

लेथवाला_उद्यमनगर

तालीम म्हटलं की कोल्हापुरात लाल माती आठवते. मी दोन्ही तालमी केल्या. पहाटे कुस्तीची, आणि इशानंतर (रात्रीच्या नमाजनंतर) मशिदीत दहा मिनिटं हदीस, म्हणजे पैगंबरांची वचनं, वाचतात ती. शब्द एकच, अरबीतला, अर्थ शिकवण. तिकडचे वस्ताद आणि इकडचे उस्ताद, तेही एकच. हे मला हल्क्यात एका हाफिजजींनी (कुरआन पाठ असलेल्यांनी) सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग दोन्हीकडं मार का खाल्ला ते कळलं.

सांगायचं ते वेगळंच आहे. माझं छोटं वर्कशॉप आहे. लेथवर निघणारा लोखंडाचा चुरा आम्ही किलोवर विकतो. गाडी यायच्या आधी पोरगा त्याच्यावर पाणी मारायचा. वजन वाढतं. मी सांगितलं नव्हतं, पण मला माहीत होतं, आणि 'सगळेच करतात' हे वाक्य तयार होतं.

हल्क्यात सूरह मुतफ्फिफीन निघाली. स्वतः घेताना माप पूर्ण घेतात आणि देताना कमी देतात, त्यांचा नाश. अरबीत ही सूरत मला लहानपणापासून पाठ आहे. नमाजात हजारदा म्हटली असेल. मराठीत ऐकली आणि डोळ्यापुढं पाण्याची बादली आली.

दुसऱ्या दिवशी बादली बंद केली. महिन्याला फरक पडतोच, खोटं का बोलू. भंगारवाल्यानं मात्र सहा महिने ओलाव्याचे पैसे कापणं चालूच ठेवलं, कारण त्याचा विश्वास बसेना.

---

जास्वंदी

चांगलंच लिहा असं नाही म्हणालात म्हणून लिहितो. (मी मुलगीच आहे. आम्ही कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतो.)

बारावीच्या सुट्टीत अम्मीनं एका वर्गाला घातलं. दीड तासातला तासभर दुपट्टा, नेलपॉलिश, मोबाइल आणि आजकालच्या मुली. मी विचारलं की हे सगळं बरोबर असेल, पण अल्लाह आहे हे आपल्याला कसं कळतं? प्रश्न मनापासून होता, भांडायला नव्हता. उत्तर मिळालं की हा वसवसा आहे, शैतान मनात घालतो. चाळीस मुलींसमोर. मी परत गेलो नाही.

आता एकटी वाचतो, मराठी तरजुमा घेऊन. इब्राहीम अलैहिस्सलाम अल्लाहला म्हणतात, तू मेलेल्यांना जिवंत कसं करतोस ते दाखव. अल्लाह विचारतो, तुझा विश्वास नाही? ते म्हणतात, आहे, पण मनाचं समाधान व्हावं म्हणून. बकरह, आयत २६०. त्यांना कुणी वसवसा म्हटलं नाही.

---

रविवारची_वही

@जास्वंदी, ही आयत मी वहीत उतरवून घेतली. आमच्याकडे एक जागा रिकामी आहे. आग्रह नाही.

---

रत्नांग्री_ते_रंकाळा

माझा छोटाच अनुभव. माहेर कोकणातलं, आम्ही शाफई. सासर हनफी. लग्नानंतर पहिल्या आठवड्यात सासूबाईंनी माझी नमाज बघितली. रुकूत (कमरेत वाकायला) जाताना मी हात उचलते. 'असं कुणी शिकवलं?' मला वाटलं बावीस वर्षं चुकीची नमाज पढले. दर्समध्ये चार मजहब (धर्मशास्त्राच्या परंपरा, शाफई-हनफी त्यातल्याच) काय आहेत ते एका दुपारी नीट सांगितलं, आणि सासूबाई शेजारीच बसलेल्या होत्या. आता त्याच पाहुण्यांना सांगतात, 'ती कोकणातली आहे, त्यांच्यात असं असतं.'

---

निवृत्त_मास्तर

मी दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहून शिकलो. शाहू महाराजांनी १९०६ साली मोहमेडन एज्युकेशन सोसायटी काढून दिली, तिचं हे बोर्डिंग. महाराजांनी कुरआनच्या मराठी भाषांतरासाठीही पैसे मंजूर केले होते. मराठीतून वाचणं म्हणजे अर्धवट मुसलमान, असं अजूनही म्हणणारे भेटतात. त्यांना मी एवढंच सांगतो की आपल्या गावच्या राजाला ही गरज शंभर वर्षांपूर्वी दिसली होती.

आमच्या म्हाताऱ्यांच्या हल्क्यात भाषेवरच जास्त वेळ जातो. माझा व्यवसायदोष. 'तक़वा'ला मराठी काय? कुणी म्हणे ईशभय, कुणी म्हणे सदाचार, कुणी सावधपण. एक अख्खी संध्याकाळ गेली. मग मौलानांनी जुनी गोष्ट सांगितली. हजरत उमर यांनी उबई बिन काब यांना (दोघेही पैगंबरांचे सोबती) विचारलं, तक़वा म्हणजे काय? ते म्हणाले, काट्याकुट्याच्या वाटेनं कधी गेलात? गेलो. काय केलंत? कपडे आवरून, जपून चाललो. तेच.

कागलकडून येणारे आमचे एक शेतकरी मित्र गप्प ऐकत होते. ते म्हणाले, "म्हंजे उसाच्या पाल्यातनं चालल्यागत की." ज्यांनी कधी ऊस तोडलाय त्यांना यापुढं सांगायची गरज नाही. पान दिसायला मऊ, घरी आल्यावर अंगभर चिरे. तेव्हापासून आमच्यात तक़वाचं भाषांतर तेच आहे, शब्दकोशात नसलं तरी.

---

सात_गुंठे

नाव मुद्दाम हेच घेतलं. अब्बा गेल्यावर २००९ मध्ये जमीन आम्हा दोन भावांच्या नावावर झाली. बहिणीनं हक्कसोडपत्रावर सही केली. आमच्याकडं पद्धतच ती. बहिणीनं हिस्सा मागितला की माहेर तुटलं. सहीच्या दिवशी तिला साडी घेतली होती आणि आम्हाला वाटलं होतं आपण फार चांगले भाऊ आहोत.

सात-आठ वर्षांनी आमचा हल्का सूरह निसापर्यंत आला. अकरावी आयत: एका मुलाचा वाटा दोन मुलींच्या वाट्याइतका. तेराव्या आयतीत आहे की या अल्लाहच्या ठरवलेल्या हद्दी आहेत. ज्या घरात बसून वाचत होतो त्या घरमालकानंही बहिणीकडून सही घेतलेली. खोलीत नऊ पुरुष, सगळ्यांचं तेच. दुआ जरा लवकर झाली त्या दिवशी.

मला झोप येईना. दाढी किती लांब असावी यावर आम्ही दोन रविवार घालवले होते, आणि हे इतकं स्पष्ट लिहिलेलं कुणी कधी बयानात काढलं नव्हतं. भावाशी बोललो. भाऊ म्हणाला, सही झाली, विषय संपला. मी मौलानांना विचारलं. ते म्हणाले, राजीखुशीनं सोडलं असेल तर सोडलं. पण तिला नाही म्हणायची सोय होती का, ते तुम्हीच सांगा.

सोय नव्हती. भाऊ आजही तयार नाही. मी माझ्या वाट्यातले सात गुंठे तिच्या नावावर केले. ती रडली, मग म्हणाली, "भाई, तेव्हाच दिलं असतंस तर पोरीच्या लग्नाला कर्ज काढलं नसतं."

---

जास्वंदी

@सात_गुंठे, वाचून गलबललो. पण विचारू का, मुलीला मुलाच्या निम्माच का?

---

सात_गुंठे

विचारा की. आमच्या हल्क्यातही झालं यावर. घरखर्चाची जबाबदारी पुरुषावर, बाईची कमाई तिचीच, मेहर (लग्नात नवऱ्यानं बायकोला द्यायची रक्कम) तिचा, हे उत्तर आहे. काहींना पटतं, माझ्या पोरीला पूर्ण पटत नाही. मी आलिम (धर्माचा जाणकार) नाही. मी तिला म्हटलं, निम्म्यावर आपण भांडू, पण आपल्या गावात चाललंय ते शून्य, त्याचं आधी बघू.

---

गंगावेशकर

मी हिंदू आहे, चालेल का? मित्रानं एकदा हल्क्याला नेलं. आमच्या तालमीत मोहरमला पंजे बसतात, पिढ्यान्‌पिढ्या. पंजे बसवणारे, पाणी घालणारे, नवस बोलणारे आम्हीच. बाबूजमाल दर्ग्याच्या दारावरचा गणपती तर सगळ्या कोल्हापूरला माहीत आहे. मला वाटलं, आपण त्यांच्या फार जवळचे.

तिथं कुणीतरी विषय काढला आणि सांगणारे म्हणाले, पंजे, ताबूत हे दीनमध्ये (धर्मात) नाही. मला उद्देशून नव्हतं, पण लागलं. म्हणजे आम्ही इतकी वर्षं ज्यांचं म्हणून करत आलो, ते त्यांचं नव्हतंच?

मित्र परतताना म्हणाला, तू बसव, मी दरसालप्रमाणं बघायला येतो. येतोही. त्यावर अजून आमचं बोलणं झालेलं नाही.

---

रविवारची_वही

@गंगावेशकर, चालेल काय, बरं झालं लिहिलंत. हे आमच्यातही दुखरं आहे. माझी नानी दर गुरुवारी दर्ग्यात जायची. दर्समध्ये दोघींचं यावरून इतकं वाजलं की एक जण यायची थांबली. अर्थ वाचायला लागलं की आधीचं काही ना काही हातातून सुटतं, आणि काय सोडायचं याचं उत्तर सगळ्यांचं एक येत नाही. नानीचं बोट धरून दर्ग्यात गेलेले गुरुवार मी वहीत कुठल्या बाजूला लिहू, मला अजून ठरवता आलेलं नाही.

---

खातेवही_इचलकरंजी

माझा हिशेबाचा धंदा, म्हणून हल्क्यात जकातीचा (दरवर्षी द्यायच्या ठरलेल्या दानाचा) भाग माझ्याकडं. निसाब (जिथून जकात लागू होते ती मर्यादा) चांदीचा साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२.३६ ग्रॅम, सोन्याचा साडेसात तोळे. त्यावर वर्ष गेलं की अडीच टक्के. फळ्यावर लिहून दिलं तरी लोक दागिने विसरतात, उधारी विसरत नाहीत.

२०२० चा रमजान आठवतो. मशिदी बंद, तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) घरात, हल्का मोबाइलवर. कुणाचा कॅमेरा छताकडं, कुणाचा कुकर वाजतोय. त्याच रमजानात इथल्या समाजानं जकात आणि देणग्यांतून ३६ लाख जमवून इंदिरा गांधी रुग्णालयात अतिदक्षता विभागाला दिले. ईदची खरेदी तशीही बंदच होती, असं कुणी म्हणेल. म्हणू दे. ज्यांनी कधी जकात मोजून काढली नव्हती, 'देतो की थोडंफार' म्हणायचे, त्यांचे त्या महिन्यात मला फोन आले, की अडीच टक्के नेमके कशावर?

---

सदरबाजार

जून २०२३. मोबाइलवरच्या स्टेटसवरून गावात दगडफेक झाली, इंटरनेट बंद झालं. त्या आठवड्याला हल्क्यात आम्ही सहाच. ओळीनं वाचत आलेली आयत होती फुस्सिलतची ३४ वी: वाईटाला चांगल्यानं उत्तर द्या, मग ज्याच्याशी वैर आहे तो जिवलग मित्रासारखा होईल. आमच्यातल्या एकाच्या मामाच्या दुकानाच्या काचा फुटल्या होत्या. त्यानं वाचली, पुस्तक मिटलं आणि म्हणाला, "मी आज ह्याच्यावर बोलणार नाही." कुणी आग्रह केला नाही. पुढच्या रविवारी तीच आयत परत घेतली. तेव्हाही तो बोलला नाही. पण आला.

---

रविवारची_वही

सगळ्यांचे आभार. धागा थंडावतोय म्हणून काकींचं राहिलेलं सांगते.

गेल्या वर्षी अम्मीकडे गेले होते. काकी आता ऐंशीच्या पुढं, ओट्यावर बसून असतात. मी म्हटलं, काकी, तुम्ही विचारलेलं ना, त्यात काय लिहिलंय, आता सांगते. आणि सूरह माऊन सांगितली. सातच छोट्या आयती. जो अनाथाला धक्का देऊन हाकलतो, गरिबाला जेवू घाला असं कुणाला सांगत नाही, त्याचं सांगितलंय. मग नमाज पढतात पण लक्ष नसतं, लोकांना दाखवायला पढतात, आणि माऊन द्यायला नाही म्हणतात, अशांचा धिक्कार आहे. माऊन म्हणजे काय, यावर जुने जाणकार म्हणतात: भांडं, बादली, कुऱ्हाड, शेजारीपाजारी एकमेकांना वापरायला देतात त्या बारीकसारीक वस्तू.

काकींनी शेवटपर्यंत ऐकलं. मान हलवली. मग आमच्या दाराकडं बघून मोठ्यानं म्हणाल्या, "मग तुझ्या अम्मीला म्हणावं, माझं पुरणयंत्र गेल्या होळीपास्नं तुमच्यात हाय."