मदत हवी आहे: तिसरी-चौथीची सहल कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात, सुरक्षेची तयारी कशी करावी?

जिप_गुरुजी
नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. डिसेंबरात तिसरी-चौथीची सहल पुण्याला, कात्रजच्या राजीव गांधी प्राणिसंग्रहालयात न्यायची आहे. मुलं ७४ (तिसरी ३८, चौथी ३६), शिक्षक ६. एसटीच्या दोन गाड्या. बहुतेक मुलं पुण्याला पहिल्यांदाच येणार. पालक विचारतात, "वाघाचं काही भ्या नाही ना?" शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आणि पालकांची संमतिपत्रं यांचं मला माहीत आहे, ते नको. आत गेल्यावर मुलं सांभाळायची कशी, आणि काही झालंच तर कोणी काय करायचं, हे नेमकं हवं आहे.

पिंजऱ्याबाहेरून
गुरुजी, वाघाचं भय सगळ्यात शेवटी ठेवा. मूल चुकणं, दाराबाहेरच्या सातारा रस्त्यावर येणं, बसमध्ये चढताना-उतरताना पडणं, उन्हानं गळून जाणं, आणि मग मोकळी माकडं आणि मधमाश्या, असा क्रम धरून तयारी करा.

जागेचा अंदाज घ्या: एकूण १३० एकर, त्यातला ४२ एकर नुसता कात्रजचा तलाव. म्हणजे प्राणी एका ठिकाणी दाटीनं नाहीत, चालणं भरपूर आहे. तिसरीच्या मुलांना सगळं एका दमात दाखवायला जाऊ नका. बुधवारी बंद असतं, तेवढं आधी बघा. रविवार आणि नाताळचा आठवडा टाळा, गर्दीत मोजणीच लागत नाही. बाग उघडते त्याच वेळी दारात हजर राहा. सकाळी प्राणी हालचाल करतात. दुपारी वाघ-बिबट्या झोपलेले असतात, मग मुलं त्यांना उठवायला ओरडतात आणि कठड्यावर चढतात. निम्मा उपद्रव या कंटाळ्यातून होतो.

आणि एका शिक्षकानं आधी एकट्यानं जाऊन पूर्वपाहणी करावी. बस कुठे थांबेल, स्वच्छतागृहं कुठे आणि किती, पिण्याचं पाणी कुठे, सुरक्षारक्षकांची चौकी कुठे, डबे कुठे खाऊ देतात, बाहेर पडायची दारं किती. हे हातानं काढलेल्या नकाशावर मांडून प्रत्येक मोठ्या माणसाला एकेक झेरॉक्स द्या.

चाकोरी
हिशेब करू. एसटीची साधी गाडी बहुतेक ४४ आसनी, आगारात विचारून खात्री करा. दोन गाड्या म्हणजे ८८. तुमची ७४ मुलं आणि ६ शिक्षक मिळून ८०. उरल्या ८ जागा. त्यातल्या पाच जागांवर शाळा व्यवस्थापन समितीतल्या किंवा पालकांपैकी पाच जणी घ्या. मोठी माणसं झाली ११.

आता टोळ्या. सहलप्रमुखाकडे एकही टोळी द्यायची नाही. हे सगळ्यात जास्त वेळा चुकतं. प्रमुख मोकळा नसेल तर मूल हरवल्यावर त्याला आधी स्वतःची मुलं कोणाच्या तरी गळ्यात घालावी लागतात. उरलेल्या दहा जणांकडे सात-आठ मुलांची एकेक टोळी. शिक्षकाची टोळी आणि पालकाची टोळी अशी जोडी लावा, म्हणजे एकाला जावं लागलं तरी दुसरा पंधरा मुलं थोडा वेळ बसवून ठेवू शकतो. आईच्या टोळीत तिचं स्वतःचं मूल ठेवू नका. तिचं लक्ष तिथंच राहतं, आणि ते मूलही तिलाच चिकटून बसतं.

तीन जागा उरतात, त्या पुढच्या ठेवा. लोणंद-शिरवळवरून याल तर शेवटी कात्रजचा घाट आहे, ज्यांना गाडी लागते त्यांना तिथं पुढं आणा. सकाळी तेलकट पोहे आणि वर दूध देऊन बसमध्ये बसवू नका. चपाती-भाजी अर्धपोट पुरे. प्रत्येक गाडीत वीसेक कॅरीबॅग, जुनी वर्तमानपत्रं आणि एक बादली ठेवा.

उतरताना बस दाराच्या बाजूलाच लागली पाहिजे. रस्ता मोठा, मधून बीआरटी (शहर बसची वेगळी मार्गिका). पलीकडे उतरवून ७४ मुलं रस्ता ओलांडवणं म्हणजे संकट ओढवून घेणं. गाडी वळवून आणायला वेळ लागला तरी चालेल, चालकाला हे आदल्या दिवशीच सांगा.

स्वातीनक्षत्र
मोजणीबद्दल लिहिते, कारण सगळे "मोजलं हो" म्हणतात आणि तरी मूल राहून जातं.

चालत्या रांगेतली डोकी मोजायची नाहीत. त्याच दिवशी दुसऱ्या शाळेचा तसाच निळा-पांढरा गणवेश असतो. त्यांचं एक पोर तुमच्या रांगेत येतं, तुमचं एक त्यांच्यात जातं, आणि आकडा बरोबर भरतो! म्हणून प्रत्येक मुलाला टोळीतला क्रमांक द्या, एक ते आठ. "मोजा" म्हटलं की खाली बसून क्रमानं आपापला आकडा मोठ्यानं म्हणायचा. ज्याचा आकडा येत नाही तो कोण, हे तिथल्या तिथं कळतं. याची शाळेच्या मैदानावर आठवडाभर रोज दोन वेळा तालीम करून घ्या. बागेत पहिल्यांदा करायला गेलात तर गोंधळ होतो.

मोजणी कधी: बसमधून उतरल्यावर, दारातून आत गेल्यावर, प्रत्येक मोठ्या पिंजऱ्यापाशी पोहोचल्यावर आणि निघताना, स्वच्छतागृहानंतर, डब्यानंतर, बस सुरू होण्याआधी. पोहोचल्यावरची आणि निघतानाची अशा दोन्ही मोजण्या हव्यात. पोहोचताना आठ आणि निघताना सात असतील तर मूल त्याच पन्नास पावलांत आहे. नुसती एकच मोजणी केली तर शोध अर्ध्या बागेत घ्यावा लागतो.

टोप्या एका रंगाच्या, भडक. केशरी किंवा पोपटी. गळ्यातल्या ओळखपत्रावर शाळेचं नाव आणि प्रमुख शिक्षकांचे दोन मोबाइल नंबर. मुलाचं नाव बाहेरच्या बाजूला लिहू नका, अनोळखी माणूस नावानं हाक मारतो आणि मुलं विश्वास ठेवतात. नाव, रक्तगट आणि ॲलर्जी आतल्या बाजूला. ओळखपत्राची दोरी अशी घ्या की ओढल्यावर सुटेल. पक्की नाडी जाळीत अडकली तर गळ्याला फास बसतो.

जिप_गुरुजी
शिट्टी चालेल का? आमच्या पीटीच्या सरांची शिट्टी गावभर ऐकू जाते.

पिंजऱ्याबाहेरून
नको. प्राणिसंग्रहालयात प्राण्यांना डिवचणं, खायला घालणं, आवाज करून त्रास देणं, कचरा टाकणं हे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम ३८ जे खाली गुन्ह्यात येतं. शिट्टीनं हरणं बिथरून कुंपणावर आदळतात, मरतातसुद्धा. हात वर करायचा, ज्याला दिसेल त्यानं हात वर करून गप्प व्हायचं. दहा सेकंदांत टोळी शांत होते. शिट्टी प्रमुखाच्या खिशात राहू द्या, खऱ्या संकटासाठी.

कठड्याचं सांगतो. पिंजऱ्याच्या अलीकडे जो कठडा असतो तो नुसता शोभेचा नसतो. प्राण्याचा पंजा किंवा सोंड पोहोचू नये एवढं अंतर राखायला तो असतो. सप्टेंबर २०१४ मध्ये दिल्लीच्या प्राणिसंग्रहालयात एक तरुण कठडा ओलांडून पांढऱ्या वाघाच्या खंदकात पडला आणि जिवाला मुकला. मे २०१६ मध्ये अमेरिकेत सिनसिनाटीला तीन वर्षांचं मूल गोरिलाच्या खंदकात पडलं. मूल वाचलं, गोरिलाला गोळी घालावी लागली. दोन्ही ठिकाणी प्राणी बाहेर आला नव्हता, माणूस आत गेला होता. पालकांना वाघाबद्दल हे सांगा.

म्हणून नियम एकच: पोट कठड्याला टेकायचं नाही. ठेंगणी मुलं पुढे, उंच मागे, म्हणजे दिसत नाही म्हणून कोणी चढणार नाही. मुलाला उचलून कठड्यावर बसवून फोटो काढायचा मोह मोठ्यांनाच जास्त होतो, तेव्हा मदतनीस आयांना हे आधीच बजावा. सर्पोद्यानात काचेवर टकटक नाही. आणि वाघ-बिबट्या पाठ करून शेपूट वर करायला लागला की मुलांना दोन पावलं मागे घ्या. तो फवारा धोक्याचा नाही, पण परतीच्या प्रवासात बसमध्ये कोणी शेजारी बसत नाही :)

एक तुमच्या भागातल्या मुलांसाठी खास. घरोघरी गाई-म्हशी असणार. जुलै २०२५ मध्ये कात्रजला चितळं लाळ-खुरकूतनं दगावली होती. हा रोग शेण-चिखल लागलेल्या पायताणांवरूनही जातो. गोठ्यात घालतात त्या चपला सहलीला नकोत. आदल्या दिवशी बूट घासून, धुवून, उन्हात वाळवून घाला. कोणाच्या गोठ्यात त्या सुमारास लाळ-खुरकूत असेल तर प्राणिसंग्रहालयाला आधी फोन करून विचारा.

गोळी_नको
प्रथमोपचाराची पेटी दोन, प्रत्येक बसमागे एक, आणि ती बसमध्ये ठेवायची नाही, बरोबर फिरवायची. एका पेटीत: ओआरएसची १० पाकिटं, चिकटपट्ट्या ३०, निर्जंतुक गॉज १०, क्रेप बँडेज २, अँटिसेप्टिक, कात्री, हातमोज्यांच्या ४ जोड्या, थर्मामीटर, अंगाच्या साबणाची वडी. गोळ्या फक्त पालकांनी लेखी दिलेल्या, मुलाचं नाव घालून, वेगळ्या पाकिटात. दमेकरी मुलाचा पंप त्याच्या टोळीच्या शिक्षकाच्या खिशात. बसमधल्या दप्तरात असलेला पंप काही कामाचा नाही.

माकड, कुत्रं, मांजर यांनी चावलं किंवा ओरखडलं तर: जखम वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायची. घड्याळ लावून पंधरा. म्हणून साबणाची वडी. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही, पट्टी घट्ट बांधायची नाही. त्याच दिवशी सरकारी किंवा महापालिकेच्या दवाखान्यात रेबीजची लस सुरू करायची. "नुसतं खरचटलंय, गावी गेल्यावर बघू" हे धोक्याचं. पालकांना तिथूनच फोन.

मधमाश्या: मोठ्या झाडांवर आग्या मोहोळ असू शकतं. दगड, धूर, उग्र अत्तर, आरडाओरडा नको. उठल्याच तर डोकं टोपीनं झाकून जवळच्या बंद खोलीत शिरायचं, हात हलवत उभं राहायचं नाही, तलावाकडे तर पळायचंच नाही. काटा नखानं किंवा ओळखपत्राच्या कडेनं लगेच खरवडून काढा. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, उलटी होऊन मूल मलूल झालं की लगेच १०८ ला (रुग्णवाहिका) फोन.

पाणी प्रत्येकाकडे एक लिटर, आणि मोजणीच्या प्रत्येक थांब्यावर सगळ्यांनी दोन घोट. मुलं स्वतःहून पीत नाहीत, आणि मुली तर स्वच्छतागृहाला जायला नको म्हणून मुद्दाम पीत नाहीत. तो हिशेबही करा: समजा निम्म्या म्हणजे ३७ मुली, चार शौचकूपं, प्रत्येकी दोन मिनिटं म्हणजे वीस मिनिटं. वेळापत्रकात पाच मिनिटं लिहिलीत तर शेवटच्या दहा जणी घाईत एकट्या मागे राहतात. दाराशी एक बाई, आत एक बाई, आणि ज्यांचं झालं त्या खाली बसलेल्या. डब्याआधी साबणानं हात. सॅनिटायझरनं माती निघत नाही.

जिप_गुरुजी
फार उपयोगी. दोन गोष्टी राहिल्या. मूल खरंच हरवलं तर क्रम काय? आणि प्राणी सुटला तर? पालकांनी मागच्या वर्षीची ती बिबट्याची बातमी मला पुन्हा पाठवली आहे.

चाकोरी
हरवल्यास:
१. कळल्याबरोबर सगळ्या टोळ्या आहेत तिथं खाली बसतात. कोणी शोधायला पळत नाही.
२. प्रमुख रक्षकाला सांगतो: टोपीचा रंग, उंची, शेवटची मोजणी कुठे झाली. रक्षक वॉकीटॉकीवरून दारं कळवतात.
३. एक माणूस सरळ बाहेर पडायच्या दाराकडे. हा पहिला जातो, कारण आत मूल सापडतं, बाहेर रस्ता आहे.
४. दुसरा शेवटच्या मोजणीच्या जागी. मुलं बहुधा तिथंच घुटमळत असतात, नाहीतर नळाशी किंवा बॅटरीच्या गाड्यांपाशी.
५. दहा मिनिटांत नाही सापडलं तर ११२ ला (पोलीस) फोन. तासभर वाट बघायची नाही.

मुलांना एवढंच शिकवा: चुकलो तर जिथं आहे तिथं थांबायचं, गणवेशातल्या रक्षकाला ओळखपत्र दाखवायचं, कोणाबरोबरही दाराबाहेर जायचं नाही.

पिंजऱ्याबाहेरून
बिबट्याची बातमी मार्च २०२४ ची, मागच्या वर्षीची नव्हे. खरी आहे. बिबट्या पिंजऱ्यातून निसटला, आवारातच होता, बाग बंद ठेवून पकडला. असं काही झालं तर कर्मचारी सांगतील ते ऐकायचं. जवळच्या बंद इमारतीत शिरून दार लावायचं, आत मोजणी करायची, मोबाइल कॅमेरे बंद. बस जवळ असेल तर बस, नाहीतर बसकडे धावायचं नाही. धावणारं लहान मूल बिबट्याला भक्ष्यासारखं दिसतं. तिथं गेल्यावर रक्षकाला विचारूनच ठेवा, "आमच्या वाटेवर पक्की खोली कुठे कुठे आहे?" आणि तुमच्या नकाशावर फुल्या मारा.

स्वातीनक्षत्र
एक राहिलं. परतताना बस रिकामी केल्यावर चालक-वाहकाबरोबर प्रत्येक बाकाखाली बघा. दमलेली मुलं आसनावरून घसरून खाली झोपतात आणि डोकं दिसत नाही. आणि मुलाला न्यायला आलेल्या माणसाची सही घेऊनच मूल सोपवा. यादी टोळीवार ठेवा, पटावरच्या क्रमानं नको. अंधारात ७४ नावांत एक नाव शोधणं फार वेळखाऊ असतं.