वय ३३, बारावी आर्ट्स, आता जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) करायचं मनात आहे. कोल्हापुरात कुणी लग्नानंतर केलंय का?

बावड्याची_सून

नमस्कार. मी कसबा बावड्यात राहते, मालक शिरोली एमआयडीसीत फौंड्रीत आहेत, मुलगा तिसरीत आहे. बारावी आर्ट्स झाल्यावर लगेच लग्न झालं आणि शिक्षण तिथंच थांबलं. सध्या राजारामपुरीत एका मेडिकल दुकानात काउंटरला असते.

मामंजींना अर्धांगवायू झाला तेव्हा वॉर्डातल्या एका सिस्टरनी मला नळीतून भरवायचं कसं, दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, पाठ कोरडी कशी ठेवायची हे सगळं शेजारी उभं राहून शिकवलं. नंतर मामंजी घरी बरेच महिने अंथरुणाला होते पण पाठीला एक जखम होऊ दिली नाही मी. तेव्हापासून डोक्यात बसलंय की हेच काम करायचं, आणि नीट शिकून करायचं.

आता ओळखीतले एकजण म्हणतात सहा महिन्यांचा नर्सिंगचा कोर्स कर, सर्टिफिकेट मिळालं की लगेच हॉस्पिटलला लावतो. आत्याबाई (सासूबाई) म्हणतात आता पोराला शिकवायचं वय आहे तुझं. मालक नाही म्हणत नाहीत पण हो पण म्हणत नाहीत. मला एवढंच विचारायचंय, आर्ट्सवर चालतं का, वयात बसते का, आणि घर सांभाळून हजेरी जमते का? इंग्रजीची पण भीती वाटते.

गडहिंग्लज_ट्यूटर

ताई, मी नर्सिंग स्कूलला शिकवते म्हणून आधी नियमाचं सांगते. जीएनएमला बारावी कुठल्याही शाखेची चालते, सायन्सवाल्यांना प्राधान्य असतं एवढंच. इंग्रजी विषय घेऊन बारावी पास आणि किमान ४० टक्के पाहिजेत. बीएस्सी नर्सिंगला मात्र फिजिक्स केमिस्ट्री बायोलॉजी लागतं, त्यामुळं तो रस्ता तुम्हाला सरळ नाही. पण जीएनएम झालं की पुढं दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बीएस्सी करता येतं, म्हणजे दार बंद होत नाही.

वयाचं नीट ऐका. इंडियन नर्सिंग कौन्सिलच्या नियमात जीएनएमला कमाल वय ३५ आहे, तुम्ही बसताय. पण खरा हिशोब त्याच्या पुढचा आहे. कोर्स ३ वर्षांचा, शेवटच्या वर्षात सहा महिने इंटर्नशिप धरून. म्हणजे पुढच्या प्रवेशाला फॉर्म भरला तर पास होऊन रजिस्ट्रेशन हातात येईपर्यंत तुम्ही ३७ च्या आसपास. राज्य सरकारच्या भरतीला ओपनची वयोमर्यादा ३८ आणि मागासवर्गीयांना ४३. ओपनमध्ये असाल तर सरकारी जागेसाठी जेमतेम एखादं वर्ष मिळतंय, एक वर्ष जरी "बघू" म्हणत घालवलं तर ते पण गेलं. प्रायव्हेटला ही अट नाही, पण सरकारीचं मनात असेल तर घरात हा हिशोब कागदावर मांडून दाखवा.

आणि तो सहा महिन्यांचा कोर्स, हात जोडून सांगते, त्याला नर्सिंग म्हणू नका. त्याच्यावर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन होत नाही, आणि रजिस्ट्रेशन नाही म्हणजे कायद्यानं तुम्ही नर्स नाही. अशा पोरींना कमी पगारात राबवून घेतात आणि काही चुकलं की सगळं त्यांच्या अंगावर ढकलतात, डोळ्यानं बघितलंय मी. कुठल्याही संस्थेत पैसे भरायच्या आधी कौन्सिलची मान्यता आहे का ते बघा, आणि पोरींना क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष पेशंटवर शिकायला, कुठल्या हॉस्पिटलला पाठवतात, तिथं बेड किती हे तोंडावर विचारा.

मंगळवारपेठ_सिस्टर

मी लग्नानंतरच केलं गं, पोरगी बालवाडीत होती माझी. आता आयसीयूला आहे.

हजेरीचं कुणी गोड बोलून सांगणार नाही म्हणून मी सांगते. थिअरीला आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी पाहिजेच, आणि क्लिनिकलची तर शेवटी १०० टक्के भरून द्यावी लागते, पोरगं आजारी पडलं म्हणून चुकलेले दिवस नंतर सुट्टीत भरायचे. सकाळची ड्युटी असली की पहाटे डबा करून पहिली केएमटी बस गाठायची, संध्याकाळी घरी येऊन केस स्टडी लिहायची, आणि तिसऱ्या वर्षी नाईट लागली की घरातल्या माणसांची खरी परीक्षा होते, कारण दिवसा तू झोपलेली असतेस आणि येणाराजाणारा विचारतो सून झोपलीय का अजून. ते आधीच बोलून ठेव. मालकांना "करू का" असं विचारूच नकोस, नाईटला पोराला शाळेला कोण सोडणार आणि रात्रीच्या भाकऱ्या कोण करणार हे विचार. त्याचं उत्तर मिळालं की होकार आपोआप मिळतो.

इंग्रजीचं म्हणशील तर पुस्तकं इंग्रजीतच आहेत, पहिल्या वर्षी अ‍ॅनाटॉमीला रडू येतं, माझ्या बॅचच्या सायन्सच्या पोरींना पण यायचं. पण तू मेडिकल दुकानात रोज औषधांची नावं वाचतेस, डोस वाचतेस, हे आमच्यातल्या कितीजणींना येत नव्हतं. आणि तू मामंजींचं जे केलंस ना, कूस बदलणं, पाठीची काळजी, नळीतून भरवणं, तेच फंडामेंटल्सला शिकवतात. अठरा वर्षांच्या पोरींना पेशंटला हात लावायलाच महिना जातो.

इचलकरंजी_९१६

आमच्या मिसेसनी तिशीनंतर केलंय म्हणून लिहितो. वैनी, तुमच्या मालकांना माझा निरोप द्या, पहिलं वर्ष जड जातं, स्वयंपाक शिकावा लागतो आणि पोराचा अभ्यास आपल्याकडं येतो. मी लूमवर शिफ्टला आहे, तरी जमलं, कारण आम्ही तिच्या ड्युटीचा तक्ता बघून माझी शिफ्ट लावून घ्यायचो. फौंड्रीत पण सांगून शिफ्ट बदलून मिळते, विचारायला लागतंय फक्त. तिला आता वॉर्डात सिस्टर म्हणून हाक मारतात तेव्हा मला लई अभिमान वाटतो, हे मोकळेपणानं सांगतो.

बावड्याची_सून

सगळ्यांचे मनापासून आभार. ३८ चं मला माहीतच नव्हतं, आम्ही ओपनमध्येच येतो. रात्री मालकांशी बोलले, शाळेचं ते बघतो म्हणाले, नाईटला आत्याबाईंचं अजून बोलणं व्हायचंय. सहा महिन्यांच्या कोर्सला नाही म्हणून कळवलं. अजून एक, गणित लागतं का? माझं कच्चं आहे. आणि कागदपत्रं काय काय गोळा करू?

गडहिंग्लज_ट्यूटर

गणित एवढंच. ५०० एमएल सलाईन ८ तासांत द्यायचंय, सेट २० थेंबांचा आहे, म्हणजे एका एमएलला २० थेंब. ५०० गुणिले २०, भागिले ४८० मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण २१ थेंब. असले हिशोब येतील, आणि ते चुकून चालत नाहीत, म्हणून आत्तापासून रोज दोनचार करत जा.

कागदांत दहावी बारावीच्या मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल, आणि एवढी वर्षं मधे गेलीत म्हणून गॅपचं प्रतिज्ञापत्र. फॉर्मवर नाव बारावीच्या मार्कशीटवर आहे तेच लिहा, माहेरचं. आधारवर सासरचं नाव असेल तर विवाह नोंदणीचा दाखला सोबत पाहिजे. तो काढला नसेल तर आधी त्याच्या मागं लागा, प्रवेशाच्या तारखा लागल्यावर धावपळ होते आणि बायकांचे फॉर्म तिथंच अडकतात.